रुमाल, वाटाणे आणि पणजीचं नाव

४ ऑगस्ट २०१९, रविवार. गंगेला पूर आला होता (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळून जाऊ नये), दुतोंड्या मारुती (नदीपात्रातली मूर्ती, पूर किती चढला ते आम्ही तिच्यावरून बघतो) दिसेनासा झाला होता आणि अख्खं गाव मोबाइल घेऊन पूर बघायला निघालं होतं. मी पण निघालेलो, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात काकांचा फोन. "अरे पूर कसला बघतोस, खालच्या खोलीत पाणी शिरलंय, रुमाल उचलायला ये."

रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुनी कागदपत्रं ज्या मोठ्या चौकोनी फडक्यात गाठ मारून बांधून ठेवतात त्याला रुमाल म्हणतात, पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारोंनी आहेत. आमच्याकडे होते ४१. आमच्याकडे म्हणजे जुन्या नाशकातल्या एका छोट्या संस्थेकडे, जिचं ऑफिस म्हणजे एका वाड्यातली भाड्याची दीड खोली. कुठल्या कुठल्या घरांनी वाडा पाडताना, वाटण्या होताना, "रद्दीत घालायला जीव होत नाही" म्हणून आणून टाकलेले कागद. देशपांड्यांची दप्तरं, कुलकर्ण्यांचे हिशोब, एका सराफाचे रोजमेळ आणि खतावण्या, काही सनदांच्या नकला, आणि भरपूर असं की जे कशाचं आहे हे कुणालाच माहीत नाही.

मी कोण तर सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे, डॉक्युमेंट कंट्रोल बघतो. कुठल्या ड्रॉइंगवर कुठला रिव्हिजन नंबर, कुठला रेकॉर्ड किती वर्षं ठेवायचा, ऑडिटर समोर बसला की दोन मिनिटांत काढून द्यायचा. इतिहासाशी माझा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. पण काका म्हणाले, "तू कागदांचंच खातोस ना, मग रविवारी येत जा." काका सख्खे नाहीत, शेजारच्या वाड्यातले, तीर्थोपाध्याय (गंगेवर येणाऱ्या यजमानांचे विधी करणारे भटजी) आहेत, रामकुंडावर बसतात. त्यांना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

तर त्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभं राहून आम्ही सहा जणांनी अरुंद जिन्यावर साखळी करून रुमाल वर चढवले. ३४ कोरडे निघाले. ७ खालच्या फळीवर होते, ते भिजले. ओला रुमाल किती जड होतो हे ज्याने उचललंय त्यालाच कळेल, बाळंतिणीची बाज उचलावी तसा दोघांनी धरून न्यावा लागतो.

आणि मग आम्ही जे केलं ते कुणी करू नये म्हणून सांगतो. पहिल्यांदा एकाने गाठी सोडून कागद सुटे करायला घेतले, ओला कागद तो, टोकं हातात यायला लागली. दुसऱ्याने पंखा फुल सोडला, दोन पानं उडून जिन्यातल्या पाण्यात. समोरच्या मावशी बिचाऱ्या मदतीला आल्या त्या थेट इस्त्री घेऊनच, आणि आम्ही कुणी अडवायच्या आत त्यांनी एक कागद कडक करून दाखवला पण. तो कागद आहे अजून आमच्याकडे, पापडासारखा. कडेला बोट लावलं की तुकडा पडतो.

शेवटी पुण्यातल्या एका बाईंना फोन लावला, त्या कागद दुरुस्तीचं काम करतात. त्यांनी आधी विचारलं, किती पानं आहेत अंदाजे? म्हटलं तीनेक हजार. त्या म्हणाल्या मग हात लावू नका, तीन हजार पानं तुम्ही सहा जण दोन दिवसांत वाळवू शकत नाही, आणि दोन-तीन दिवसांत बुरशी धरणार म्हणजे धरणार. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, छोटे छोटे गठ्ठे करा, आणि गोठवा. मी म्हटलं गोठवा म्हणजे? तर म्हणे डीप फ्रीजर. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, मग महिनाभराने, दोन महिन्यांनी, तुमच्या सवडीने एकेक गठ्ठा काढून वाळवा.

आता नाशकात कोल्ड स्टोरेजला काय तोटा, द्राक्षांमुळे गल्लोगल्ली आहेत असं म्हटलं तरी चालेल, आम्ही खूश. पण द्राक्षाची खोली शून्य अंशाच्या आसपास ठेवतात, द्राक्ष गोठवायचं नसतं, त्यामुळे ते आपल्या कामाचं नाही हे ओझरच्या एकाने फोनवरच सांगितलं. मग माझ्या आतेभावाच्या ओळखीतून एक फ्रोजन मटारवाला मिळाला, उणे १८. त्याला मी तासभर समजावत होतो की हे अडीचशे वर्षांपूर्वीचे कागद आहेत, पेशवाईतले आहेत, त्याचा एकच प्रश्न, "वास तर येणार नाही ना वाटाण्याला?" रीतसर पावती केली त्याने. "जुने कागद, २३ पिशव्या". पेशवाईतले कागद दोन महिने वाटाण्याच्या पोत्यांशेजारी राहिले आणि एक पान बुरशीचं निघालं नाही. भाडं घेतलं नाही त्याने, दिवाळीला काकांनी त्याच्याकडे जाऊन सत्यनारायण घातला.

ते गठ्ठे दसऱ्यानंतर एकेक करून काढले. खाली टीपकागद, मध्ये कोरा न्यूजप्रिंट (छापील पेपर अजिबात नाही, त्याची शाई उतरते), पंखा भिंतीकडे तोंड करून, ऊन नाही. रोज दोनदा टीपकागद बदलायचा. माझी बायको म्हणायची बाळाचे लंगोट बरे होते.

यात एक गोष्ट बघून मी गार पडलो. आमची समजूत अशी की जेवढं जुनं तेवढं नाजूक. झालं उलटंच. १७७०-८० च्या आसपासचे जे कागद होते, हातकागदावर बोरूने काळ्या शाईत लिहिलेले, ते भिजून वाळले आणि जवळजवळ तसेच वाचता येत होते. कारण ती काजळाची शाई, म्हणजे कार्बन, ती पाण्यानेही उडत नाही आणि उन्हानेही विटत नाही, फार तर डिंक सुटून जराशी पसरते. आणि तो कागद चिंध्यांपासून केलेला, त्याचे धागे लांब, चिवट. आणि १९५५ च्या एका वहीत, मिलचा कागद आणि निळी-जांभळी शाई, अख्खी पानंच्या पानं फिकट गुलाबी होऊन कोरी झाली. माझ्या वडिलांच्या जन्माच्या वेळची वही गेली आणि नारायणराव पेशव्याच्या वेळचा कागद राहिला. मिलच्या कागदात आम्ल असतं, तो न भिजताही आपोआप पिवळा पडून मोडतो, हे मला तेव्हा कळलं. घरी येऊन माझी दहावीची मार्कशीट काढून बघितली, लॅमिनेशन केलेली. तेही करू नये म्हणतात. आता काय करणार.

पूर ओसरल्यावर मीटिंग झाली आणि सगळ्यांचं एकमत की स्कॅन करून टाकू. स्कॅन केलं की सुटलो. हे वाक्य मी तेव्हा जोरात म्हटलं होतं, मिनिट्समध्ये माझ्या नावावर आहे.

वरून फोटो काढणारा स्कॅनर घेतला, वर्गणी काढून. फ्लॅटबेड नको, कारण पान उलटं दाबावं लागतं आणि वहीची शिवण तुटते. ४०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल. ए-फोरएवढ्या पानाची एक टिफ साधारण ४६ एमबी होते, आमची पानं अठरा हजारांच्या आसपास, म्हणजे ८३० जीबी झाले, त्याच्या तीन प्रती करायच्या. एक वाड्यात, एक माझ्याकडे सिडकोत, आणि एक नाशिकच्या बाहेर. तिसरी काकांच्या मुलीकडे संगमनेरला आहे, तिच्या कपाटात साड्यांखाली. हसू नका, पुराच्या गावात तिन्ही प्रती एकाच नदीकाठी ठेवून काय उपयोग. पावसाळ्यात स्कॅनिंग बंद, कागद दमट होतो, फुगतो. दिवाळी ते अक्षय्य तृतीया हा आमचा सीझन.

हातमोजे घालायचे का हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. टीव्हीवर पांढरे मोजे घालून दाखवतात म्हणून. नाही घालायचे, सुती मोज्यात बोटांना कागदाचं टोक कळत नाही आणि पान फाटतं. हात साबणाने धुवून कोरडे करायचे, बस. तंबाखू खाणाऱ्यांना मात्र आम्ही गाठीसुद्धा सोडू देत नाही. मास्क हवाच, कारण त्या धुळीत काय काय असतं... कसर, वाळवीची माती, एका रुमालात तर कुंभारीण माशीचं अख्खं घर निघालं. काही रुमालांत वेखंडाचे तुकडे होते, एकात सापाची कात. जुन्या लोकांचा उपाय, कीड लागू नये म्हणून. कातीचा उपयोग होतो का माहीत नाही, पण तो रुमाल धडधाकट होता हे खरं.

आता माझा मूर्खपणा. हा मी कधीच लपवत नाही, कारण बाकी कुणी तो करू नये.

मी डॉक्युमेंट कंट्रोलवाला. रुमाल उघडला, आत कागद उलटसुलट, सनदेखाली किराणा हिशोब, त्याखाली लग्नाची यादी, त्याखाली जमिनीच्या भांडणाचा कागद. माझा हात शिवशिवायला लागला. तीन रविवार बसून मी एक पूर्ण रुमाल "नीट" लावला, सनदा एकीकडे, हिशोब एकीकडे, पत्रं एकीकडे, लेबलं वगैरे लावून. आणि मोडी शिकवणाऱ्या मॅडमना कौतुकाने दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मूळ क्रम कुठे लिहून ठेवलात?" मी म्हटलं, कसला क्रम, विस्कटलेलं होतं सगळं.

विस्कटलेलं नव्हतं ते. किराणा हिशोब जमिनीच्या कागदाजवळ होता कारण त्या भांडणात पंचांना आठ दिवस जेवू घातलं त्याचा तो हिशोब होता. लग्नाची यादी तिथे होती कारण ती जमीन त्या लग्नात दिली असा दावा होता. कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वी ते सगळं एकत्र बांधलं होतं, मी येऊन सोडवलं आणि त्याची अक्कल पुसून टाकली. हे सुद्धा आम्हाला तारखांवरून आणि सुईच्या भोकांवरून हळूहळू कळलं (कागद एकत्र ओवलेले असायचे, भोकं जुळतात), सगळं नाही जुळलं. त्यानंतर नियम केला, रुमाल उघडला की आधी मऊ पेन्सिलीने वरच्या कोपऱ्यात आकडा, आहे त्या क्रमाने, मग बाकी सगळं. वर्गवारी करायची ती एक्सेलमध्ये करा, तिथे काय हवं तो धिंगाणा घाला, कागद हलवायचा नाही.

सरकारी ऑफिसातही तसा वर्ग ठरलेला असतो, अ म्हणजे कायम ठेवायचं, ब ३० वर्षं, क १० वर्षं, क-१ पाच आणि ड एक वर्ष. कंपनीतही आमचं तसंच. पण तिथे कागद जन्माला येतानाच त्याची पत्रिका ठरलेली असते. इथे पत्रिका आपण मागाहून मांडायची, आणि ज्याची मांडतोय तो बोलत नाही.

मोडी मी शिकलो. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, शेवटी परीक्षा असते, पास झालो. दहा दिवसांत अक्षरं येतात. वाचता यायला दोन वर्षं लागली. आधी पानभर रेघ मारून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, हात न उचलता. शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, त्यात लिहिणारा घाईत. छापील मोडी वाचणं म्हणजे गाडी शिकताना ईदगाह मैदानावर चकरा मारणं, आणि खरा कागद म्हणजे संध्याकाळी सात वाजता द्वारका चौक.

आणि तारीख. मला मिळालेल्या पहिल्याच चांगल्या कागदावर साल होतं "अर्बा सबैन मया व अलफ". हे अरबी आकडे आहेत, अर्बा चार, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, झाले ११७४. आता ११७४ म्हणजे काय? मी हिजरी धरलं, मोबाइलवर बदलून बघितलं, १७६०-६१. अंगावर काटा. पानिपतचं वर्ष! मी ग्रुपवर टाकलं, "मित्रांनो, आपल्या संग्रहात पानिपतच्या वर्षीचा कागद", साठ-सत्तर अंगठे आले, एका पेपरवाल्याचा फोन आला, मी त्याला बाइटही दिला असता. नशीब मॅडमनी ग्रुप बघितला. तो शुहूर सन. मराठी दप्तरात हाच चालायचा, मृग नक्षत्राला बदलतो म्हणून मृगसाल पण म्हणतात. इसवी सन काढायचा तर जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मे ६००. म्हणजे ११७४ म्हणजे १७७३-७४. पानिपत होऊन बारा वर्षं झालेली. आणि कागदात होतं काय, तर एका बैलाच्या चोरीची तक्रार. ग्रुपवर मी दुरुस्ती टाकली, तिला चार अंगठे.

स्कॅनिंग २०२२ च्या उन्हाळ्यात संपत आलं. पेढे वाटले. मग एक पीएचडी करणारा मुलगा आला, म्हणाला निफाडकडच्या पाटीलकीचे कागद बघायचेत. मी ऐटीत हार्ड डिस्क लावली. अठरा हजार फाइली, नावं काय तर "रुमाल०७_पान०२१३". त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. त्याआधी निदान काका सांगू शकत होते की बाबा तिकडच्या खिडकीजवळचा तिसरा रुमाल बघ, आता कागद कपाटात बंद आणि फोटोंचा समुद्र. आम्ही सापडणारी गोष्ट न सापडणारी करून ठेवली होती, वर ८३० जीबी भरून. तो बिचारा दोन दिवस खाली खाली स्क्रोल करत बसला आणि गेला.

तिथून खरं काम सुरू झालं, सूचीचं. ते अजून चालू आहे आणि माझ्या हयातीत संपेल असं वाटत नाही. एका पानाला स्कॅन करायला अर्धं मिनिट लागतं, सूचीत टाकायला कधी दहा मिनिटं, कधी पूर्ण रविवार. गावाचं नाव पिंपळगाव. कुठलं? आमच्या जिल्ह्यात पिंपळगाव किती आहेत ते मोजून बघा एकदा. माणसाचं नाव "राणोजी बिन सटवोजी पाटील मोकदम मौजे मजकूर". बिन म्हणजे मुलगा, मौजे मजकूर म्हणजे याच गावचा. आडनाव? नाहीच. आजचा माणूस येतो तो आडनाव घेऊन येतो आणि कागद आडनाव सांगत नाही, कागद गाव सांगतो. त्यामुळे आमचा पहिला कॉलम आडनाव होता तो काढून गाव केला, दुसरा तर्फ-परगणा (तेव्हाचे महसुली विभाग), कारण तालुके इंग्रजांच्या वेळेस नवीन पडले आणि नाशिक जिल्हाच मुळी १८६९ चा, त्याआधीचा कागद जिल्ह्याने शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. आणि एक कॉलम "वाचणाऱ्याची खात्री", शंभर टक्के, अंदाज, कळत नाही. हा कॉलम मी कंपनीतून चोरलाय. सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो, कारण माणूस एकदा चुकीचं वाचून ठामपणे लिहितो आणि पुढचे दहा जण तेच उतरवतात. पानिपत आठवा.

याच सुमारास काकांनी स्वतःच्या वह्या दिल्या. दिल्या म्हणजे, स्कॅन करू दिल्या. तीर्थोपाध्यायांच्या वह्या म्हणजे गंगेवर क्षौर-श्राद्धाला, अस्थी घेऊन, सिंहस्थाला जे जे यजमान आले त्यांच्या नोंदी, गावागावाच्या, पिढ्यान्‌पिढ्या. माणूस गाव सांगतो, काका वही काढतात आणि तुमच्या खापरपणजोबाची सही समोर ठेवतात. सही नसेल तर नांगराची निशाणी. सिंहस्थाच्या वर्षी पानं फुगतात, १९५६ ला तर समासात पण लिहिलंय.

पहिला वाद झाला लक्ष्मीपूजनावरून. दर दिवाळीला वह्यांची पूजा होते, पहिल्या पानावर हळद-कुंकू थेट. कुंकवाचे डाग आरपार गेलेत. मी म्हटलं काका, एवढं बंद करा. ते म्हणाले, "पूजा करायची नसेल तर मग ती वही कसली, रजिस्टर झालं." आठ दिवस बोलणं बंद. मग काकूंनीच तोडगा काढला, वही पाटावर, वर स्वच्छ पांढरं कापड, हळद-कुंकू कापडाला. देवालाही काही फरक पडलेला दिसला नाही.

वह्या स्कॅन करताना आपण वाचायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळे जातातच. सिन्नरकडच्या एका गावाचं पान, शके १८४०, आश्विन-कार्तिक. म्हणजे १९१८, इन्फ्लुएन्झाची साथ. एका घरच्या अस्थी, आठ दिवसांनी त्याच घरच्या, मग पुन्हा त्याच. पहिल्या नोंदीला जो मुलगा अस्थी घेऊन आला, तिसऱ्या नोंदीत त्याच्याच अस्थी. अक्षर काकांच्या आजोबांचं, अतिशय वळणदार, कुठेही हललेलं नाही. मी ते पान दोनदा स्कॅन केलं, पहिलं धूसर आलं होतं.

मग आलं २०२३. सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायला, आधी मराठवाड्यापुरती, नंतर सगळ्या राज्यासाठी. आणि एका रात्रीत मोडी वाचणारा माणूस डॉक्टरपेक्षा महाग झाला. वाड्याबाहेर रांग. लोक लांबलांबून यायचे, कुणी आजोबांचा फोटो घेऊन, कुणी नुसतंच नाव पाठ करून. आम्ही सांगायचो की बाबांनो आमची खाजगी संस्था, आमच्या कागदाला सरकारी शिक्का नाही, तुम्ही तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जा, गाव नमुना १४ मागा, त्याला कोतवाल बुक म्हणतात, जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात जातीसकट असतात, शाळेचा प्रवेश-निर्गम बघा, तिथे रीतसर नक्कल मिळेल. तरी लोक थांबायचे. एकाच्या गावच्या कागदात नावापुढे नुसतं "कु" होतं. त्याचं म्हणणं कुणबीच. आता कु म्हणजे कुणबी असेल, कुळकर्णी पण असेल, मागेपुढे बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि त्या पानाचा मागचा-पुढचा भाग वाळवीने खाल्लेला. मी "अंदाज" लिहिलं. तो माणूस दीडशे किलोमीटरवरून आला होता, पोराच्या अ‍ॅडमिशनसाठी. त्याने भांडण नाही केलं, नुसता "लिहा ना साहेब शंभर टक्के, तुमचं काय जातंय" एवढंच म्हणाला. मला त्या रात्री झोप आली नाही, पण कॉलममध्ये "अंदाज"च आहे.

त्या गर्दीत काहींनी सुचवलं की सगळं नेटवर टाकून द्या, ज्याला हवं तो बघेल, तुमचीही कटकट जाईल. मीही त्याच मताचा होतो, ओपन अ‍ॅक्सेस वगैरे. काका म्हणाले, "माझ्याकडे यजमान आला की मी काय करतो बघितलंस का?" बघितलं होतं पण लक्ष दिलं नव्हतं. ते वही उघडतात, पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेतात, वरच्या आणि खालच्या नोंदी झाकतात आणि मधली दाखवतात. यजमानाला त्याच्याच घराचं दिसतं. शेजारच्या घरात कुणाची दुसरी बायको, कुणाचं मूल जगलं नाही, कुणाच्या विधीला कोण आलं नाही, हे त्यात सगळं असतं. "लोकांनी माझ्या आजोबाला गंगेवर उभं राहून सांगितलंय हे, जगाला नाही सांगितलं."

मी आयएसओवाला, अ‍ॅक्सेस कंट्रोल माझा विषय, आणि पुठ्ठ्याचे दोन तुकडे मला दिसले नव्हते. मग ठरलं ते असं, पेशवाईतले आणि जमीन-हिशोबाचे कागद सगळ्यांना खुले, सूचीही खुली. तीर्थाच्या वह्या वाड्यात बसूनच, घरच्या माणसाला घरचं पान. गेल्या ७५ वर्षांच्या नोंदी काकांना विचारल्याशिवाय मलाही उघडता येत नाहीत, पासवर्ड काकूंकडे आहे. काही संशोधक चिडतात. चिडू देत, त्यांना अर्ज करायला लावतो आणि बहुतेक वेळा देतोही.

यात एक गोष्ट मात्र मला कुणी आधी सांगितली नव्हती. जमिनीच्या कागदांत बाई सापडत नाही, सापडली तर "अमक्याची बायको" किंवा "बेवा", म्हणजे विधवा. पण श्राद्धाला आई, आजी, पणजी यांची नावं लागतात, घेतल्याशिवाय पिंडच पडत नाही. म्हणून वह्यांत ती आहेत. भागीरथी, सगुणा, यमुना, ठकू, सरकारी दप्तरात कुठेही नसलेल्या बायका इथे ओळीने. मी हा कॉलम उशिरा उघडला, आणि आता सगळ्यात जास्त शोध त्यावरच होतात.

गेल्या फेब्रुवारीत एक ताई आल्या आईच्या अस्थी घेऊन. भाऊ नाही, एकट्याच. माहेर दिंडोरीकडचं. काकांनी वही काढली, पुठ्ठे लावले, मी बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेलो. आजोबांची सही निघाली, त्याखाली पणजीचं नाव, जे त्या ताईंनी कधी ऐकलंच नव्हतं. घरात तिला सगळे मोठ्या बाय म्हणायचे म्हणे. त्यांनी ते तीनदा वाचायला लावलं. काकांनी विधी आटोपला, नवी नोंद करायला पेन उघडलं आणि थांबले. इतकी वर्षं नोंद करून सही मुलाने करायची. "ताई, तुमचं नाव कसं लिहू, माहेरचं का सासरचं?"

"दोन्ही लिहा. नाही, द्या इकडे, मीच लिहिते."

लिहिलं त्यांनी, बॉलपेनने, जरा मोठ्या अक्षरात, दोन ओळींची जागा घेऊन. (बॉलपेनची शाई पण टिकत नाही फार, काकांना जेलपेन नको, कार्बन शाईचं पेन घ्या म्हणून मी किती दिवस मागे लागलोय.) संध्याकाळी सूचीत टाकायला बसलो तर माझ्याकडे एकाच आडनावाची जागा. नवीन कॉलम घुसवला. त्याला नाव काय द्यायचं यावर माझं आणि काकांचं अजून जमलेलं नाही, तूर्तास तिथे नुसतंच "२" लिहिलंय.